प्रबंध की बखर?

"पाणी हे जीवन आहे." नदीच्या पाण्यावरचा एम. एस्सी.चा लघुप्रबंध उघडला की पहिले वाक्य बहुधा हेच असते. विषय वनस्पतींचा असेल तर "भारत हा जैवविविधतेने नटलेला देश आहे", आणि दुसरे काहीच सुचले नाही तर "आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे". पुढे पृथ्वीवर एकूण पाणी किती, त्यातले गोडे किती, मग सिंधू संस्कृती, मग गंगा. धुळ्याच्या पांझरा नदीचा उगम प्रत्यक्षात साक्री तालुक्याच्या डोंगरात असला, तरी प्रबंधात ती बाविसाव्या पानावर उगम पावते. तीस-चाळीस पानांनी तापीला मिळते आणि शेवटी "शासनाने जनजागृती करावी" या शिफारशीच्या समुद्रात विलीन होते.

थट्टा एवढ्यावरच पुरे. परीक्षक म्हणून असे प्रबंध आमच्याकडे येतात आणि ते वाचताना हसू कमी, हळहळ जास्त वाटते. कोणाचे लेखन चव्हाट्यावर आणण्याचा हेतू नसल्यामुळे या लेखातली नमुन्याची वाक्ये आम्हीच रचली आहेत. ज्यांनी असे प्रबंध लिहिले, तपासले किंवा बांधून घेतले आहेत, त्यांना ती अनोळखी वाटणार नाहीत.

या दुखण्याचे निदान सगळीकडे एकच ऐकू येते: मुलांचे इंग्रजी कच्चे आहे. खानदेशातला विद्यार्थी घरी अहिराणी बोलतो, शाळेत मराठीतून शिकतो आणि विज्ञान शाखेत गेल्यावर इंग्रजीतून लिहितो. त्याचे लेखन अडखळणारच, असे म्हणतात. हे निदान आम्हाला पटत नाही. इंग्रजी कच्चे असते, हे खरे. पण इंग्रजी सुधारून दिलेले प्रबंधही आम्ही पाहिले आहेत. व्याकरण शुद्ध झाले, स्पेलिंगे जागेवर बसली, आणि प्रबंध होता तितकाच पोकळ राहिला.

उलट अनुभव तोंडी परीक्षेत येतो. विद्यार्थिनी इंग्रजीतून पाठ केलेली चार वाक्ये म्हणून थांबते. आपण मराठीतून विचारावे, "नमुने घ्यायला तुम्ही नेमक्या कुठे उभ्या होतात?" मग तिला वाचा फुटते. पुलाखाली पाणी साचलेले होते म्हणून ती वरच्या अंगाला गेली; तिथे म्हशी बसलेल्या होत्या म्हणून आणखी पुढे गेली; मे महिन्यात तिसरे ठिकाण कोरडे पडले, तेव्हा त्या महिन्याची नोंद गाळावी की ठिकाण बदलावे यावर तिने दोन दिवस विचार केला. हे सगळे शास्त्र आहे, आणि उत्तम शास्त्र आहे. प्रबंधात यातला एक शब्दही नसतो. तिथे असते: "नमुने प्रमाणित पद्धतीनुसार गोळा करण्यात आले." घरातली पहिलीच पदवीधर, उन्हातान्हात वर्षभर राबलेली मुलगी; तिचे काम या एका वाक्याखाली गाडले जाते. गाडणारी तीच असते, पण तसे लिहायला तिला कोणीतरी शिकवलेले असते.

आमच्या मते खरा रोग असा: आपल्या प्रत्येक वाक्याला "हे तुम्हाला कसे ठाऊक?" हा प्रश्न विचारला जाणार आहे, याची लिहिणाऱ्याला कल्पनाच नसते. मी मोजले म्हणून ठाऊक, अमक्याच्या लेखात वाचले म्हणून ठाऊक, या दोन गोष्टींवरून अनुमान केले म्हणून ठाऊक, की सगळेच म्हणतात म्हणून ठाऊक? प्रबंधात या चारही प्रकारची वाक्ये एकाच सुरात, एकाच कर्मणी प्रयोगात, खांद्याला खांदा लावून उभी असतात.

हा प्रश्न कसा विचारावा याचा धडा ज्याने मराठीत घालून दिला, तो माणूस धुळ्यातच वारला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला, आणि त्यांचा संग्रह जपण्यासाठी इथे उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ शहरातल्या सर्वांना ठाऊक आहे. विज्ञानाच्या प्रबंधाची गोष्ट चालली असताना इतिहासकार कशाला, असे वाटेल. पण 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये आला, तेव्हा राजवाड्यांनी केलेले काम प्रयोगशाळेतल्या माणसाने अभ्यासावे असे आहे. पानिपतासंबंधीच्या बखरी तोवर लोक इतिहास म्हणून वाचत. राजवाड्यांनी त्या काळातली अस्सल पत्रे समोर ठेवली आणि बखरींची झडती घेतली: ही घटना कुठे घडली, कोणत्या तिथीला घडली, तिथे कोण हजर होते? स्थळ, काळ आणि व्यक्ती. या तीन प्रश्नांपुढे रसाळ बखरी जागोजाग लटक्या पडल्या. बखरकार खोटारडे होते असे नव्हे. त्यांनी ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट एकाच सुरात सांगितली होती, आणि कोणती कोणती हे वाचकाला कळण्याची सोय ठेवली नव्हती.

आता आपला प्रबंध या तीन प्रश्नांसमोर उभा करू. "पांझरेच्या पाण्यात विद्राव्य ऑक्सिजन ६.८३३३ मिलिग्रॅम प्रतिलिटर आढळला." विंक्लर पद्धतीने २०० मिलिलिटर नमुना घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने अनुमापन केले, तर हिशेब सोपा होतो: जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागले, तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन. आपल्या प्रयोगशाळेतल्या ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या खुणा असतात. तीन वेळा अनुमापन करून ६.८, ६.९ आणि ६.८ अशी वाचने आली असतील, तर सरासरी ६.८ लिहावी. पुढचे तीन आकडे नदीतून आलेले नाहीत, ते गणकयंत्रातून आले. नदीने जे सांगितलेच नाही ते नदीच्या तोंडी घालणे, हे बखरकाराचेच काम झाले.

काळाचे पाहा. हा नमुना किती वाजता घेतला? शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन वाढतो आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. एका ठिकाणचा नमुना सकाळी सातला आणि दुसऱ्या ठिकाणचा दुपारी दोनला घेतला, तर दोन ठिकाणांमधला फरक हा नदीचा की घड्याळाचा? तापमानाचेही तसेच. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. म्हणजे ६.८ हा आकडा मे महिन्यातल्या गरम पाण्यात आला असेल, तर पाणी ऑक्सिजनने जवळजवळ भरलेले आहे. जानेवारीतल्या थंड पाण्यात आला असेल, तर एक चतुर्थांश जागा रिकामी आहे, आणि कारण शोधले पाहिजे. तारीख, वेळ आणि तापमान यांवाचून ६.८ हा आकडा तिथी नसलेल्या पत्रासारखा आहे. आणि "नदी प्रदूषित आहे" हा निष्कर्ष तर कोणत्या ठिकाणच्या, कोणत्या महिन्यातल्या आणि कोणत्या वापराच्या संदर्भात, हे सांगितल्याशिवाय वाचूही नये.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. प्रबंध हाती आला की आम्ही आधी ऋणनिर्देश वाचतो. पन्नास-साठ पानांत विद्यार्थी स्वतःच्या आवाजात लिहितो ते हे एकच पान, आणि काम कसे झाले याची खरी माहिती पुष्कळदा इथेच सापडते. अमक्या मित्राने पहाटे मोटारसायकलवर नदीवर नेले. अमक्या सरांनी तापमापक दिला. प्रयोगशाळा सहायकांनी सुटीच्या दिवशी कुलूप उघडून दिले. म्हणजे नमुने पहाटे घेतले होते तर! आणि सुटीच्या आधी घेतलेले नमुने सुटी संपेपर्यंत थांबले नाहीत, हेही कळले. हा मजकूर 'पद्धती' या प्रकरणात असता, तर प्रबंधाची किंमत दुप्पट झाली असती. पण 'मी' आणि 'आम्ही' हे शब्द विज्ञानात चालत नाहीत असे मुलांना कोणीतरी बजावून ठेवले आहे, आणि कर्ता गेला की त्याच्यामागोमाग वेळ आणि जागाही निघून जातात.

संदर्भसाहित्याच्या आढाव्याचे प्रकरण म्हणजे मण्यांची नुसती रास. अमुक (२००८) यांनी पाण्याचा अभ्यास केला. तमुक (२०११) यांनी पाण्याचा अभ्यास केला. अमुकांना जे आढळले ते तमुकांना का आढळले नाही, आणि या दोघांनंतर आपल्यासाठी कोणता प्रश्न उरला, तो दोरा कुठेच दिसत नाही. त्याहून वाईट असे की यातले निम्मे लेख विद्यार्थ्याने पाहिलेलेच नसतात. आदल्या वर्षीच्या प्रबंधातली यादी चुकांसकट पुढे सरकते. "यात काय बिघडले?" असे विद्यार्थी विचारतात. काय बिघडते याचे उदाहरण शिक्षकांच्या रोजच्या वापरातले आहे.

पालकाच्या भाजीत लोह फार, हा समज कसा पसरला याची गोष्ट आपण वर्गात सांगतो. जुन्या जर्मन रसायनज्ञाचे दशांशचिन्ह एक घर सरकले, लोह दसपट झाले, आणि पॉपाय नावाचा खलाशी पालक खाऊन बलवान झाला. अचूकतेचे महत्त्व पटवायला गोष्ट फार सोयीची. ती जगभर पसरली ती प्रामुख्याने टी. जे. हॅम्ब्लिन यांच्या लेखामुळे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९८१ साली आलेल्या त्या लेखात या गोष्टीला कोणताही आधार दिलेला नव्हता. माइक सटन यांनी २०१० साली मूळ शोधायचा प्रयत्न केला, तेव्हा सरकलेल्या दशांशचिन्हाचा पुरावा मिळाला नाही. ओले ब्यर्न रेकदाल या नॉर्वेच्या संशोधकाने २०१४ मध्ये या साऱ्या प्रकरणावर एक लेख लिहिला. निष्काळजीपणाविरुद्ध सांगितली जाणारी ही गोष्टच निष्काळजीपणे पसरली होती. विद्वान माणसे एकमेकांच्या लेखांतून ती उचलत गेली आणि मुळाशी कोणी गेले नाही. पालकातल्या लोहाची ही बखरच म्हणायची. तिचे बखरकार आचार्य पदवी मिळवलेले होते, एवढाच फरक.

कठोरपणाचा आदर्श म्हणून राजवाड्यांचे नाव घेतले, तेव्हा त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पत्रांच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला हा माणूस शब्दांच्या व्युत्पत्तीत शिरला की त्याची लेखणी सैल सुटे. धातू आणि शब्द यांची मुळे लावताना त्यांनी ज्या ठामपणाने लिहिले, त्या ठामपणाला साजेसा पुरावा दर वेळी हाताशी नव्हता, आणि त्यांच्या अनेक व्युत्पत्ती पुढच्या भाषाशास्त्रज्ञांनी स्वीकारल्या नाहीत. त्यांच्याही बाबतीत वाचकाने विचारायचे ते हेच: इथे तुम्ही पत्र दाखवता आहात की तर्क करता आहात?

याउलट, हा भेद वाक्यावाक्याला कसा पाळता येतो याचा एक नमुना आपल्याच मातीवरचा आहे. धुळे-नंदुरबार भागात काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंतींसारख्या टेकड्या दिसतात. लाव्हाच्या थरांना चिरत वर आलेला शिलारस भेगांत थिजला, त्या या भित्ती. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. रंजिनी रे, हेतू शेठ आणि ज्योतिरंजन मलिक यांनी त्यांच्यावर लिहिलेला शोधनिबंध २००७ साली 'बुलेटिन ऑफ व्होल्कॅनॉलॉजी'मध्ये आला. त्याचा सारांश कोणत्याही विषयाच्या विद्यार्थ्याने वाचावा. "दख्खन हा प्राचीन प्रदेश आहे" अशी सुरुवात नाही. एक किलोमीटरहून लांब डाइक २१०. क्षेत्र १४,५०० चौरस किलोमीटर. सर्वांत लांब डाइक ७९ किलोमीटर. जाडी ३ ते ६२ मीटर. जवळजवळ सगळे उभे आणि पूर्व-पश्चिम पसरलेले. हे झाले मोजलेले. मग अनुमान येते, आणि ते कारणासकट येते: हे डाइक आधीच्या भेगांचा किंवा विभंगांचा आधार घेऊन आलेले नाहीत, म्हणून त्या वेळी कवचावरचा सर्वांत कमी आडवा दाब उत्तर-दक्षिण दिशेत असला पाहिजे. त्यातला 'म्हणून' पाहा. 'म्हणून'च्या अलीकडे काय मोजले ते आहे, पलीकडे काय ताडले ते. लांबीची वाटणी एका गणिती नियमात बसते आणि जाडीची बसत नाही, हेही लेखक उघड सांगतात. जगात इतरत्र असे क्वचित दिसते, हेही सांगतात. गैरसोयीची गोष्ट शेवटच्या तक्त्यात लपवलेली नाही. आणि ज्यांना 'आम्ही' या शब्दाची भीती वाटते त्यांनी हेही पाहावे, की या सारांशात कर्ता 'आम्ही' आहे आणि त्याने विज्ञानाचे काही बिघडलेले नाही.

चोरीच्या लेखनाची आता बरीच चर्चा होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली त्याविषयी नियम केले. प्रबंधात दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा. ६० पर्यंत एक वर्षाची बंदी. त्यापुढे नोंदणीच रद्द. नियम हवाच होता. पण त्याचा परिणाम विचित्र झाला. "सर, नऊ टक्के आले" असे विद्यार्थी आनंदाने सांगतो, जणू ताप उतरला. साम्य कमी करण्यासाठी तो शब्द बदलतो. 'वाढ'चे 'वृद्धी' होते, 'नदी'ची 'सरिता' होते, आणि विद्राव्य ऑक्सिजनचा 'विरघळलेला प्राणवायू' होऊन परीक्षक बुचकळ्यात पडतो. आता तर संगणकाला सांगितले की तो क्षणात गुळगुळीत प्रकरण लिहून देतो आणि शब्दांचे साम्य जवळपास नाहीसे होते. यंत्र शब्दांची तुलना करते. वाक्यामागे कोणी उभे आहे की नाही, हे त्याला दिसत नाही. संगणकाने लिहिलेल्या परिच्छेदावर तोंडी परीक्षेत बोट ठेवून "हे तुम्हाला कसे ठाऊक?" असे विचारले की मात्र पाच मिनिटांत निवाडा होतो. मार्गदर्शकाने हाच प्रश्न वर्षभर दर पंधरवड्याला विचारला, तर परीक्षकाला तो विचारावाच लागणार नाही. पण पुष्कळ ठिकाणी मार्गदर्शक प्रबंध पाहतो तो बांधणीला जाण्याच्या आदल्या दिवशी, आणि तेव्हा त्याचा प्रश्न असतो: "पाने किती झाली?" ऐंशी पाने झाली पाहिजेत हा दंडक कोणी घातला हे आम्हाला अजून कळलेले नाही. पाण्यावरचे पहिले वाक्य जन्माला येते ते या ऐंशी पानांच्या पोटी.

भाषेबद्दल आमचे म्हणणे आग्रहाचे आहे. राजवाडे हट्टाने मराठीत लिहीत. तो हट्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्याने जसाच्या तसा धरावा असे आम्ही म्हणत नाही. त्याला इंग्रजीत लिहावेच लागेल. पण पहिला खर्डा त्याने ज्या भाषेत तोंडी परीक्षेत सांगितले त्या भाषेत लिहावा, मग ती मराठी असो की अहिराणी. आपल्या भाषेत माणूस खोटे लिहीत नाही असे नव्हे, पण पोकळ लिहिले की ते त्याला स्वतःलाच चटकन ऐकू येते. "नमुने प्रमाणित पद्धतीनुसार गोळा करण्यात आले" हे वाक्य अहिराणीत आजीला सांगून पाहा. आजी लगेच विचारील, कोणी, कुठे आणि कधी? राजवाड्यांचे तिन्ही प्रश्न ती न शिकता विचारते.

हा मजकूर शाळेच्या शिक्षकांसाठी मुद्दाम लिहिण्याचे कारण असे, की प्रबंधातली बखर एम. एस्सी.च्या वर्गात सुरू होत नाही. तिची पहिली पाने नववी-दहावीच्या प्रयोगवहीत असतात. तिथे 'निष्कर्ष' आधी फळ्यावर लिहिला जातो आणि 'निरीक्षण' नंतर. अकरावीत साध्या लंबकाने गुरुत्वत्वरण काढताना अख्ख्या वर्गाचे उत्तर ९.८ येते, दोऱ्याची लांबी मोजताना कोणाचीच चूक होत नाही आणि वाऱ्याने कोणाचाही लंबक भिरभिरत नाही. ज्याचे उत्तर १०.३ आले तो मुलगा शेजाऱ्याची वही मागतो, कारण गुण ९.८ ला आहेत. आणखी सहा-सात वर्षांनी तोच मुलगा पांझरेकाठी बाटली घेऊन उभा राहतो.

एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे, त्याला खर्च नाही. वर्गाच्या दोन तुकड्या करा. पहिल्या तुकडीने मटकी भिजत घालून मोड कसे येतात ते चार दिवस पाहावे आणि केलेली कृती लिहून काढावी. नंतर ती वही दुसऱ्या तुकडीला द्यावी. तोंडी एक शब्दही न सांगता फक्त वही वाचून त्यांनी तेच करून पाहावे. पाणी किती, कोमट की गार, फडके ओले की कोरडे, डबा झाकलेला की उघडा, मोजमाप सकाळी की संध्याकाळी, हे वहीत नसले की दुसरी तुकडी अडते आणि पहिल्या तुकडीकडे धावते. धावू देऊ नये. तिने आपले प्रश्न कागदावर लिहून पाठवावेत आणि पहिल्या तुकडीने वहीत भर घालून उत्तर द्यावे. दोन-तीन फेऱ्यांनंतर पहिली वही आणि शेवटची वही शेजारी ठेवून वर्गात वाचाव्यात. ज्याच्या मटकीला मोड आलेच नाहीत त्याची वहीही याच वेळी वाचावी, आणि त्याने तारीख-वेळ नीट लिहिली असेल तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.